बासी माप

कारंज्याच्या बाजारात कोणाच्या अंगावर बरा कोट दिसला की लोक कापडाची चौकशी मागून करत. आधी विचारत, "कैंची कोनाची?" शिवला कोणी, हे कोणी विचारत नसे. टाके घालणारे छप्पन्न मिळतात. कापड अंगावर बसतं ते कापणाऱ्याच्या हातानं. आणि गेली कित्येक वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं: गुलाम नबी दर्ज्याची.

गुलाम नबीला एकच मुलगा, रज्जाक. चाळिशीला आलेला, दोन लेकरांचा बाप, अंगानं काटकुळा आणि बोलायला मऊ. शिवण अशी की उलट बाजूनं पाहिली तरी सुलट वाटावी. पण कैंची हातात घ्यायची म्हटली की त्याच्या तोंडचं पाणी पळे. उंची बापाचीच आली, पण बाप रुंद खांद्यांचा, भरल्या अंगाचा. लहानपणी रज्जाक हौसेनं बापाचा सदरा अंगात घाली तेव्हा आत पोरगा शोधावा लागे. मोठा झाल्यावरही फारसा फरक पडला नाही. हा काही बापाचा सदरा भरून काढायचा नाही, असं लोक म्हणत, आणि त्यांना फक्त सदऱ्याबद्दल बोलायचं नसे.

कैंचीच्या भीतीला कारण होतं. रज्जाकला नुकती मिसरूड फुटली होती तेव्हाची गोष्ट. बाप परगावी गेलेला, आणि मेडशीच्या जानरावचा कोट पोरानं आपल्या मनानं कापायला घेतला. कापडाला उलट आणि सुलट अशा दोन बाजू असतात. एक बाही कापली की दुसरीसाठी कागदाचा नमुना पालथा घालावा लागतो. तरच एक डावी आणि एक उजवी निघते. रज्जाक कागद पालथा घालायला विसरला. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. आणि घाई अशी की कच्चे टाके मारून कोट जानरावच्या अंगात चढवेपर्यंत त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

जानराव जातीचा गमत्या. तो कोट त्यानं उतरवलाच नाही. उजवा हात मुरगळल्यासारखा धरून तो बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. "पाहा रे बाप्पा, दोन डाव्या हाताचा मानूस पाहा!" बाजार पोट धरून हसला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, दुसऱ्या दिवशी तो विसरूनही गेला. पण गंमत करणारा विसरतो आणि ज्याची झाली त्याला ती जन्मभर पुरते.

गुलाम नबी परतला, पण पोरावर रागावला नाही. घरातलं कापड घालून त्यानं जानरावचा कोट नीट करून दिला, आणि रज्जाकच्या हातातली कैंची हळूच काढून घेतली. "राहू दे बेटा. कापाचं मी पाह्यतो. तू शिव." ही बापाची माया होती, यात शंका नाही. पण ती माया वीस वर्षं चालली आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. रज्जाकनं पुन्हा कैंची मागितली नाही आणि बापानं पुन्हा दिली नाही.

मग एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला गुलाम नबीला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ जडावली, पण बोलणं कळत होतं. जो हात कापडात पाण्यातल्या माशासारखा फिरे तो आता छातीवर ठेवला तर छातीवर, खाली ठेवला तर खाली. म्हाताऱ्यानं हट्ट करून आपली खाट दुकानाच्या मागल्या दारात टाकून घेतली. तिथून कापायची फळी दिसत होती.

आता फळीपुढं रज्जाक होता आणि त्याच्यापुढं कैंची. बंडी, सदरा, पायजमा असलं जाडंभरडं तो जुन्या कपड्यावर कपडा ठेवून कसंबसं कापून काढी. बारीक काम आलं की गाडं अडे. रिठदचे रामराव मुलाच्या लग्नाच्या कोटाचं कापड घेऊन आले.

"आठ दिसानं या, रामरावभाऊ," रज्जाक म्हणाला.

आठ दिवसांनी ते आले, तर कापडाची घडीही मोडली नव्हती. "पुढच्या बाजाराले या." पुढच्या बाजाराला ते आले तेव्हा रज्जाक मशीनला तेल देत बसला होता.

"काहून बे, तू तेलच देऊन राह्यला काय दोन हप्त्यांपासून?" रामराव भडकले. "पोराचं लगन तुह्या कैंचीसाठी थांबन काय?" घडी काखोटीला मारून ते दुसऱ्या दर्ज्याकडे चालते झाले. रज्जाकला वाईट वाटायला हवं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच त्याला शरम वाटली. मागं खाटेवर बाप डोळे मिटून पडला होता. झोपला नव्हता, हे रज्जाकला पक्कं ठाऊक होतं.

रमजान सुरू झाला त्याच आठवड्यात गुलाम नबीनं बायकोला, हुस्नाबानोला, पेटी उघडायला लावली. पेटीत काळ्या अल्पाकाचं तलम लोकरी कापड होतं. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या अचकनी, सणालग्नाचे ते गुडघ्यापर्यंतचे कोट, कापल्या, स्वतःसाठी एक नाही. हे कापड मात्र जपून ठेवलं होतं. डाव्या हातानं त्यानं ते रज्जाकच्या मांडीवर सरकवलं.

"माही अचकन काप."

"मी, अब्बा?"

"तू नाही त कोन? तुही अम्मा?" म्हाताऱ्याचं अर्धं तोंड हसलं. "ईदेले मी हेच घालून ईदगाहात जाईन. दोघं जन धरून नेतीन मले. तेथं कोनी ना कोनी विचारनच, मिया, कैंची कोनाची? तवा मले सांगाचं हाय, माह्या पोराची."

रज्जाकनं कापडाची घडी उलटीपालटी केली. बापानं त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तवा मी तुह्या हातातली कैंची घ्याले नोको होती. चुकलं माहं. आन भेतं कायले? दोन डाव्या बाह्या निघाल्या त निघू दे. उजवा हात तसाबी माह्या कामाचा नाही राह्यला."

असं बोलणारा बाप कितीजणांच्या नशिबी असतो! दुसरा कोणी असता तर त्या बोलावर डोंगर फोडला असता. रज्जाकचे डोळे भरून आले, त्यानं कापड कपाळाला लावलं आणि म्हणाला, "ईदेच्या आधी देतो, अब्बा."

"मंग माप घे."

"तुमचं माप मले तोंडपाठ हाय."

"पाठ असन, पन बासी असन." हे म्हाताऱ्याचं आवडतं बोलणं होतं. गिऱ्हाईक माप देऊन गेलं की तो दोन दिवसांत कापड कापायचाच. का, म्हणून विचारलं तर म्हणे, पोट्टं वाढते, नवरी भरते, म्हातारं वाळते. बासी भाकर शेकून खाता येते, बासी मापाचा कपडा कोणालाच होत नाही.

"कापाच्या दिवशी घेतो ना ताजं," रज्जाक म्हणाला.

तो दिवस काही उजाडेना. रोज सकाळी रज्जाक काळं कापड फळीवर पसरी, त्यावर खडूनं रेघा मारी आणि बघत बसे. खांदा उतरला तर? काखेत ओढलं तर? गळा मोठा झाला तर बुजवणार कशानं? असं कापड पुन्हा मिळणार नाही. अब्बा काही बोलणार नाहीत, तीच अचकन घालून जातील, आणि भर ईदगाहात लोक हसतील. यावेळी मला नाही, अब्बांना हसतील. मन चिंती ते वैरी न चिंती. ब्रश घेऊन तो रेघा पुसून टाकी आणि स्वतःला सांगे, उद्या नीट शांतपणे करू. मग कैंचीला धार लाव, गुंड्या निवडून ठेव, इस्त्रीचा कोळसा पाखड, असली कामं काढी. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत माणूस राबत होता; फक्त जे काम करायचं ते सोडून.

त्याची बायको सकीना एक दिवस न राहवून म्हणाली, "अजी, अब्बा रोज पाह्यतात. तुमी रेघा मारता तवा उठून बसाले पाह्यतात, आन पुसता तवा मान फिरोतात. एक बार कापून टाका ना."

"बिघडलं म्हंजे?"

"बिघडलं त बिघडलं! कापड बिघडन. मानूस त नाही बिघडत."

तो तिच्यावर खेकसला. खरं बोलणाऱ्यावरच माणूस जास्त खेकसतो.

ईद आली. हुस्नाबानोनं नवऱ्याचा जुना सदरा धुऊन, नीळ देऊन ठेवला होता. गुलाम नबीनं तो घातला नाही. "अंगात कसकस हाय, मी नाही येत. तू नमाज पढून ये," तो रज्जाकला म्हणाला. कपाळाला हात लावला तर गार होतं. रज्जाक खाटेशी बसला आणि म्हणाला, "बकरीदले नक्की, अब्बा. आता दोन महिने हायत."

"हाव," म्हातारा म्हणाला. "दोन महिने लई झाले." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं रज्जाकला पुढं फार वाटलं.

कापसाचा हंगाम भरात आला, बाजारात गाड्यांची रीघ लागली, दुकानापुढच्या रस्त्यावर कापसाचे पुंजके उडायला लागले. रेघा मारणं आणि पुसणं चालूच होतं. काळ्या कापडावर खडूची एक पांढुरकी झाक बसली. खाटेवरचा माणूस अंगावर रजई ओढून पडलेला असे. रजईखाली तो किती उरला आहे हे रोज पाहणाऱ्यांना कळलं नाही. बकरीद पंधरा-वीस दिवसांवर आली होती. एका पहाटे फजरच्या अजानीनंतर हुस्नाबानो पाणी पाजायला गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली. त्या हाकेतच रज्जाकला सगळं कळलं.

दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर मयत उठवायची ठरली. माणसं जमली. लठ्ठ्याचं पांढरं कापड आलं, आणि मग अंगणात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मोहल्ल्यात कोणी गेलं की कफन कापायला गुलाम नबीच जायचा. बोलावणं धाडायचीही गरज पडत नसे, तो कैंची घेऊन आपला आपण येई. आज त्याचं कफन कोणी कापायचं?

मशिदीतले म्हातारे मौलवीसाहेब म्हणाले, "रज्जाक, बेटा, आन कैंची."

इथं उद्या नव्हता. पुढच्या बाजाराला या म्हणायला कोणी गिऱ्हाईक नव्हतं. रज्जाक उठला, खुंटीवरचा मापाचा फीता आणि बापाची मोठी कैंची घेऊन आला आणि बापाजवळ गुडघे टेकून बसला. डोक्यापासून पायापर्यंत लांबी घेतली. मग खांदा घेतला. फीता त्यानं सवयीनं जुन्या मापावर धरला होता, तो चार बोटं पुढं गेला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा चार बोटं. छातीला लावला, तिथं तर फीता नुसता लोंबला.

फीता तसाच धरून रज्जाक थांबला. ज्या मापावर तो महिनोन्महिने रेघा मारत होता, ज्यासाठी त्यानं रात्रीची झोप घालवली होती, त्या मापाचा माणूस या घरात केव्हाचा उरलाच नव्हता. त्यानं पहिल्याच दिवशी अचकन बरोबर कापली असती तर ती अब्बांनी घातली असती. चुकीची कापली असती तरीही घातली असती. आता बैल गेला होता आणि झोपा करायची वेळ झाली होती.

मग त्यानं बापाचा उजवा हात उचलला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत फीता धरला.

"बाहीचं माप कायले घेतं, बेटा?" मौलवीसाहेब हळूच म्हणाले. "मयताच्या कफनीले बाह्या नसतात."

"मले मालूम हाय," रज्जाक म्हणाला. त्यानं डाव्या हाताचंही माप घेतलं, गळ्याचं घेतलं, काखेचं घेतलं. कोणी त्याला अडवलं नाही.

त्यानंतर त्यानं पांढरं कापड अंथरलं आणि कैंची चालवली. रेघ मारली नाही. कैंची कुठं अडखळली नाही; चादर, तहबंद, कफनी, तिन्ही कापडं सरळ निघाली. माणसं म्हणाली, बापाचाच हात आहे. रज्जाकला ते ऐकून आनंद झाला नाही. कफनीला बाह्याच नव्हत्या. डावी-उजवी चुकायला तिथं जागाच नव्हती, आणि चुकलं असतं तरी 'निघू दे' म्हणणारा बाप नव्हता.

तिसऱ्या दिवसाचा तीजा झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी रज्जाकनं फळीवर काळं कापड पसरलं आणि सकीनाला वाटलं, झालं याचं पुन्हा सुरू. पण यावेळी त्यानं आधी ब्रश खिडकीबाहेर फेकला. ताज्या मापानं रेघा मारल्या. भीती गेली नव्हती. खांदा उतरला तर, काखेत ओढलं तर, सगळे प्रश्न जिथल्या तिथं येऊन बसले होते. रज्जाकनं त्यांना बसू दिलं. आता आणखी काय जाणार होतं? कैंची कापडात घातली तेव्हा त्याचे ओठ थरथरत होते, हात चालत होता. पहिली बाही कापली. मग कागद पालथा घातला, एकदा पाहिला, आणि दुसरी कापली. ज्या हातात जीव उरला नव्हता त्या हाताचीसुद्धा बाही त्यानं पुरी, नीट, उजवी कापली.

शिवून झाली तेव्हा घडी करायच्या आधी शिवण तपासावी म्हणून त्यानं अचकन अंगात घातली. आणि आरशापुढं तसाच उभा राहिला. अचकन त्याला नेमकी बसली होती. खांद्याला खांदा, मनगटाला मनगट. कुठं चिमूटभर सैल नाही.

ती सैल व्हायला हवी होती. बापाचा कपडा त्याला जन्मात कधी झाला नव्हता. त्या सैल सदऱ्यात पोरगा शोधावा लागे, आणि या अचकनीतही तो तसाच शोधावा लागावा, असं त्याला आत कुठंतरी वाटत होतं. एवढा मोठा माणूस, आपण उद्या-उद्या करत राहिलो तेवढ्यात झिजून झिजून आपल्याएवढा होऊन गेला. कफन कापताना न रडलेला रज्जाक फळीवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. सकीना दारात आली आणि तिथंच बसली.

बकरीदच्या सकाळी तो जुन्याच सदऱ्यावर निघाला. ज्या घरात मयत झालेली असते तिथं पहिल्या ईदेला नवा कपडा घालत नाहीत. हुस्नाबानोनं त्याला दारात थांबवलं. तिच्या हातात काळी अचकन होती.

"घाल."

"अम्मा, नवा कपडा..."

"नवा कोठचा? तुह्या अब्बाचा हाय." तिनं स्वतः त्याच्या अंगात चढवली आणि गुंड्या लावून दिल्या. लावता लावता तिची बोटं कॉलरवर जरा रेंगाळली. "जा, उशीर होते."

नमाज झाली, गळाभेटी झाल्या. परतीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. एका गाडीच्या जुवाला टेकून मेडशीचा जानराव उभा होता. मिशा पांढऱ्या झालेल्या, दात दोन-तीन उरलेले. रज्जाकला पाहून तो पुढं आला. "गुलाम नबीचं समजलं मले. वाईट झालं बाप्पा," असं म्हणून त्यानं त्याचा हात हातात घेतला, आणि हात धरल्या धरल्या त्याची नजर बाहीवर गेली. खांद्याच्या जोडावरून त्यानं अंगठा फिरवला, मग दुसऱ्या खांद्याकडे पाहिलं. रज्जाकला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि बाजार हसणार.

पण जानरावच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. वीस वर्षांपूर्वीचा तो कोट त्याच्या ध्यानातही नव्हता.

"झ्याक बसली लेका," तो म्हणाला. "कैंची कोनाची?"

माझी, असं रज्जाकच्या अगदी ओठावर आलं होतं. म्हणायला आता भीती वाटत नव्हती. पण हे उत्तर ज्याला स्वतःच्या तोंडानं द्यायचं होतं तो एका ईदेपासून दुसरीची वाट पाहत खाटेवरच गेला होता. रज्जाकनं शेजारच्या गाडीवाल्यांनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं.

"गुलाम नबीच्या पोराची."